खिळ्यांचे खण आणि संगणकातील अक्षरे

बारामतीला अक्षरांचा हिशेब नवा नाही. कविवर्य मोरोपंत (१७२९-१७९४) याच गावी राहिले आणि येथेच त्यांनी रामायणामागून रामायणे रचली. परंपरा त्यांची संख्या १०८ सांगते. त्यांपैकी निरोष्ठ रामायणात ओठाला ओठ लागेल असे अक्षरच येऊ द्यावयाचे नाही, असा पण त्यांनी केला होता. प, फ, ब, भ, म ही घरे बंद. म बंद म्हणजे ज्याची कथा सांगावयाची त्या रामाचे नावही बंद! तरी पंतांनी कथा तडीस नेली. कवीची गोष्ट निराळी. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या कामगाराला असला पण परवडत नाही. त्याला सगळी घरे उघडी लागतात आणि कोणत्या घरात काय आहे, हे न पाहता हाताला ठाऊक असावे लागते.

आजचा आमचा विषय या घरांचा आहे. पूर्वी ती लाकडाची होती आणि त्यांत शिशाचे खिळे असत. आज ती संगणकाच्या पोटात आहेत आणि त्यांतील अक्षरसंचाला आपण फॉन्ट म्हणतो. हा शब्दही ओतशाळेतलाच. धातू वितळवून ओतणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून तो निघाला. एका वळणाच्या, एका आकाराच्या खिळ्यांचा एकदम ओतलेला संच म्हणजे फॉन्ट. बारामती किंवा इंदापूरच्या पेठेतल्या छपाईच्या दुकानात जाऊन पाहा. संगणकावर फॉन्टांची यादी उघडली तर ती सरता सरत नाही. दुकानदार रोज वापरतो दहा-बारा. बाकीचे कोठून आले, कोणी केले, कोणत्या कामासाठी घेतले, असे विचारले तर उत्तर मिळते, "असू द्या, लागतील कधी तरी." वरवर पाहता ही अडगळीची गोष्ट वाटते. पण या अडगळीत गावाची, संस्थांची आणि माणसांची नावे अडकून पडली आहेत. ती कशी अडकली आणि कशी सोडवावयाची, हे सांगण्याचा आज विचार आहे.

आम्ही छापखान्यातले नव्हे. साखर कारखान्यांच्या आणि एमआयडीसीच्या फाटकांवर सभा घेण्यात आमची तीस वर्षे गेली. शाळा लवकर सुटली. शुद्धलेखन शिकलो ते हस्तपत्रकांची मुद्रिते तपासताना, आणि शिकविणारे गुरुजी म्हणजे जुळारी. कामगार चळवळ आणि शिशाचे खिळे यांचा संबंध तसा जुनाच आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' काढला. १८८० पासून तो नारायण मेघाजी लोखंडे मुंबईहून चालवू लागले, आणि गिरणी कामगारांच्या संघटनेचे ते आद्य पुढारी. संघटना बोलली ती जुळाऱ्याच्या हातून. तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलण्याचा आमचा अधिकार श्रोत्यांनी मान्य करावा.

खण आणि हात

ज्यांनी जुना छापखाना पाहिला नाही अशा तरुण श्रोत्यांसाठी थोडे वर्णन केले पाहिजे. उतरत्या मांडणीवर लाकडी पेट्या ठेवलेल्या असत. त्यांना केस म्हणत. केसमध्ये लहान-मोठे खण आणि प्रत्येक खणात एकाच अक्षराचे खिळे. ज्या अक्षराचे काम जास्त, त्याचा खण मोठा आणि हाताजवळ. क्वचित लागणारे जोडाक्षर दूर कोपऱ्यात. इंग्रजीचे काम दोन केसांत भागत असे. वरच्या केसात मोठी अक्षरे आणि खालच्या केसात लहान, म्हणून इंग्रजीत ती वरच्या केसची व खालच्या केसची अक्षरे ठरली. संगणकाच्या युगातही ती नावे सुटलेली नाहीत. देवनागरीला दोन केस पुरत नसत. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे असा मोठा परिवार. जुळारी डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हाताने खिळे उचली, आणि ते वाची उलटे.

या मांडणीतला खरा मर्माचा भाग छपाईनंतर सुरू होई. फर्मा छापून झाला की खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात परत घालावयाचे. हे काम कंटाळवाणे. नवशिक्या पोराला आधी तेच देत, कारण त्यातूनच खण हाताला कळत. एक खिळा चुकून शेजारच्या खणात पडला, तर उद्या तो कोणाच्या तरी लग्नपत्रिकेत उगवणार हे ठरलेले. छापखान्या-छापखान्यांत खणांच्या मांडणीत थोडाफार फरक असे. पण रीत एकच होती. बारामतीतला जुळारी इंदापूरला गेला किंवा पुण्याला गेला, तरी चार दिवसांत त्याचा हात बसत असे. मालक बदलला म्हणून त्याची विद्या वाया जात नव्हती. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, पुढे ती कामाला येणार आहे.

अक्षरे कोरणारी माणसे

देवनागरी खिळ्यांचा इतिहास फार मोठा आहे. त्यातले आपल्या विषयापुरते सांगतो. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरीच्या मिशनने छापखाना घातला. तेथे पंचानन कर्मकार या कारागिराने नागरीचे ठसे कोरावयास घेतले. त्या संचात सुमारे ७०० ठसे होते, असे मिशनऱ्यांनी लिहून ठेवले आहे. केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये नागरी खिळ्यांत निघाले, कारण मोडीचे खिळे तोपर्यंत तयार नव्हते. १८१० चा त्याचा मराठी कोश मात्र मोडीत छापला गेला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले आणि पुढे ते खिळ्यांच्या छपाईकडे वळले. जावजी दादाजी हे लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले, टाईपाचे काम तेथे शिकले, पुढे स्वतःचा टाईप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला. त्यांच्यासाठी अक्षरे कोरली ती राणूजी रावजी आरू यांनी. निर्णयसागरचे पंचांग आणि पोथ्या घरोघर गेल्या. जावजींचे नाव लोकांना माहीत झाले. आरूंचे नाव फारच थोड्यांना ठाऊक आहे. ज्याने अक्षराला वळण दिले त्याचे नाव अक्षराबरोबर राहत नाही, ही या धंद्यातली जुनीच रीत.

खिळ्यांची संख्या हे मुद्रकांचे कायमचे दुखणे होते. लोकमान्य टिळकांनीसुद्धा केसरीच्या छापखान्यासाठी खिळे कमी करण्याचा बराच खटाटोप केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचविली, तीतही छपाईची सोय हा एक हेतू होता. या साऱ्या प्रयत्नांची तपशीलवार नोंद बापूराव नाईक यांच्या देवनागरी मुद्राक्षरांवरील इंग्रजी ग्रंथात मिळते. भाषा संचालनालयाने तो १९७१ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केला. नागरी लिपी यंत्रात कशी बसवावी याचाच विचार शंभर वर्षे चालला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

जो तो आपली केस लपवितो

मग संगणक आला. तालुक्याच्या गावी तो १९९० नंतर हळूहळू शिरला. आधी एखाद्या दुकानात एक यंत्र, मग शेजारी दुसरे. ट्रेडल मशीन कोपऱ्यात गेले आणि शिसे भंगारात वजनावर विकले गेले. जुळाऱ्यांपैकी काही तरुण होते ते कळफलक शिकले. वयस्कांनी बाइंडिंग धरले, कोणी किराणा मालाचे दुकान घातले, कोणी घरी बसले. त्यांच्यासाठी मोर्चा निघाला नाही, कारण प्रत्येक छापखान्यात ते दोन-तीनच होते. जेथे माणसे विखुरलेली असतात तेथे अन्यायही विखुरलेला असतो आणि डोळ्यांवर येत नाही. संघटनेचे काम करणाऱ्याला हा धडा नेहमी आठवावा लागतो.

नव्या यंत्रात मराठी कशी बसली, ते पाहण्यासारखे आहे. त्या वेळच्या फॉन्टात फार तर २५६ घरे असत. नागरीची सगळी जोडाक्षरे त्यांत मावणे शक्य नव्हते. म्हणून मुद्रणतज्ज्ञांनी अक्षरांचे तुकडे केले: अर्धा स, काना, वेलांटी, रफार. हे तुकडे त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसविले. संगणकाला वाटे आपण इंग्रजी अक्षर लिहीत आहोत. पडद्यावर दिसे मराठी. सोंग उत्तम वठले. पेजमेकरसारखे परदेशी प्रोग्रॅम मराठीचा गंध नसताना मराठी पुस्तके जुळवू लागले.

पण एक गोम होती. कोणता तुकडा कोणत्या घरात ठेवावयाचा, हे प्रत्येक कंपनीने आपल्यापुरते ठरविले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे फॉन्ट, बंगलोरहून आलेली आकृती, हिंदी प्रदेशातून आलेला कृतीदेव, शिवाय शिवाजी आणि किरण. एका फॉन्टात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याचा चिवडा होई. लाकडी केस सर्वांची सारखी होती. या नव्या केसची मांडणी ज्याची त्याच्याजवळ. परिणाम असा झाला की दुकानदाराला सगळ्यांचे फॉन्ट ठेवणे भाग पडले. आज श्रीलिपीत केलेला अहवाल येतो, उद्या दुसऱ्या कशात तरी केलेली जाहिरात येते. गिऱ्हाईक परत पाठवता येत नाही. मग मित्राकडून सीडी आणा, नातेवाइकाकडून आणा. फॉन्टांचा ढीग साठला तो हौसेने नव्हे, धास्तीने.

सर्वांची मिळून एक केस असावी, हे जाणत्यांना कळत नव्हते असे नाही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही सांकेतिक मांडणी १९८८ मध्ये सुधारून तयार झाली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून मंजूर झाली. त्याच १९९१ साली जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात इस्कीच्या आधारानेच देवनागरीला १२८ घरांची जागा दिली होती. युनिकोडची युक्ती साधी आहे. क्रमांक द्यावयाचा तो मूळ अक्षराला. जोडाक्षर कसे काढावयाचे ते फॉन्टने पाहावे. क, हलन्ताची खूण आणि ष हे तीन क्रमांक ओळीने आले की फॉन्ट आपल्या पोटातल्या नियमाने 'क्ष' काढतो. जुळाऱ्याच्या बोटांतली विद्या अशी फॉन्टात उतरली. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला. तो र. कृ. जोशी (१९३६-२००८) या मराठी सुलेखनकाराने घडविला. जी मोडी १८१० मध्ये केरीच्या कोशात खिळ्यांवर चढली होती, तिलाही २०१४ मध्ये युनिकोडात स्वतःची घरे मिळाली. दोनशे वर्षांनी का होईना, जुन्या दप्तराची लिपी हजेरीपटावर आली.

मानक ठरले म्हणजे लगेच वापरात येते असे नाही. कायदा पास झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी फाटकावर पाळला जात नाही, तसेच हे. छपाईची दुकाने जुन्याच फॉन्टांवर पुढे बरीच वर्षे चालली आणि काही अजून चालतात. कारण हात बसलेला असतो, जुनी कामे त्यात असतात आणि गिऱ्हाईक आजच्या आज मागते. म्हणून १९९० ते २०१० च्या सुमाराचा आपल्या दोन तालुक्यांचा मोठा कागदव्यवहार जुन्या सांकेतिक फॉन्टांत बंद आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांच्या सूचना, पतपेढ्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, यात्रेची पत्रके, युनियनच्या याद्या. भिगवणजवळ छपाईच्या कागदाची मोठी गिरणी उभी राहिलेला हा तालुका. त्याची स्वतःची अक्षरे मात्र अशी कोंडली गेली.

एका यादीची कथा

याचा परिणाम माणसावर कसा होतो, ते एका उदाहरणाने सांगतो. साखर कारखान्यातला हंगामी कामगार गाळप सुरू झाले की येतो आणि पट्टा पडला की घरी जातो. असे कितीएक हंगाम तो काढतो. निवृत्तीच्या वेळी प्रश्न येतो, किती हंगाम काढले याला आधार काय? काही वर्षांपूर्वी असाच एक वृद्ध कामगार आमच्या कचेरीत आला. त्याच्या सेवेच्या नोंदींत मधलीच काही वर्षे दिसत नव्हती. आमच्या संघटनेने त्या वर्षांची हंगामनिहाय सभासदयादी इंदापूरच्या एका दुकानात टाईप करून घेतली होती. कागदाची प्रत पावसाळ्यात भिजून गेलेली. सीडी होती. ती उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांच्या खुणा आणि टिंबे यांची खिचडी. काही शे माणसांची नावे तेथे होती आणि एकही वाचता येत नव्हते.

इंदापूर तालुक्यातील श्रोत्यांना पळसदेवचे जुने देऊळ आठवेल. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि पळसनाथाचे मंदिर पाण्याखाली गेले. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी उतरले की शिखर दिसू लागते, मग सारे देऊळ. ते पडलेले नसते, गेलेले नसते. जावयाची वाट तेवढी बुडालेली असते. त्या यादीचे तसेच झाले होते.

वाट सापडली ती एका साध्या गोष्टीमुळे. फाईल उघडताना संगणक फॉन्ट मिळत नसल्याचे सांगतो तेव्हा हरवलेल्या फॉन्टचे नावही सांगतो. ते नाव आम्ही कागदावर टिपून घेतले आणि दुकाने पालथी घातली. यादी टाईप करणारे दुकान केव्हाच बंद झाले होते, पण तेथे काम केलेला गृहस्थ भेटला. त्याने जुन्या सीड्या फेकल्या नव्हत्या. इतकेच नव्हे, तर प्रत्येकीवर आतील फॉन्टांची नावे आणि साल स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. तो पूर्वी जुळारी होता. खिळा परत खणात घालण्याची सवय त्याच्या हातातून गेली नव्हती. फॉन्ट बसविला, आणि नावे एकामागून एक वर आली.

पुढे ती यादी युनिकोडमध्ये बदलावयाची होती. त्यासाठी परिवर्तक प्रोग्रॅम मिळतात. पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलिखित होते. युनिकोडात ती अक्षराच्या मागून येते. रफाराचे उलटे, तो जुन्यांत अक्षराच्या मागून आणि युनिकोडात आधी. परिवर्तक येथे अडखळला की किसनची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि धर्माचा रफार गळून पडतो. कचेरीच्या दृष्टीने 'धर्मा' आणि 'धमा' ही दोन माणसे. म्हणून दोघांनी बसून, एकाने जुन्या फॉन्टातले वाचावयाचे आणि दुसऱ्याने नव्यातले, अशी सारी यादी मुद्रित तपासतात तशी तपासली. त्या वृद्धाचे हंगाम त्यात निघाले. आधार हाती आला.

ढीग कसा लावावा

या अनुभवातून आणि छापखान्याच्या जुन्या शिस्तीतून काही नियम निघतात. ते फार अवघड नाहीत.

पहिला नियम असा की सगळे फॉन्ट एका जागी गोळा करावे आणि त्यांची एक मूळ प्रत बाजूला ठेवावी, तिला हात लावू नये. लावालाव करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर. दुसरा नियम दोन ढीग करण्याचा: युनिकोडचे वेगळे आणि जुन्या सांकेतिक मांडणीचे वेगळे. जुन्यांत पुन्हा कंपनीवार गट पाडावे, कारण एका कंपनीच्या फॉन्टांची घरे बहुधा एकसारखी असतात. वळणावरून, म्हणजे जाड, बारीक, नक्षीचे, असे गट मागाहून पाडता येतात. आधी मांडणी, मग सौंदर्य.

तिसरा नियम नावाचा. फाईलच्या वरच्या नावावर विश्वास ठेवू नये. जुन्या संगणकांत फाईलचे नाव आठ अक्षरांत बसवावे लागे, त्यामुळे ती नावे तुटक आहेत. शिवाय हौशी लोकांनी ती बदललीही आहेत. प्रत्येक फॉन्टच्या पोटात त्याची जन्मपत्रिका असते. घराण्याचे नाव, आवृत्ती, कंपनी, आणि पुष्कळदा अक्षरे घडविणाऱ्याचे नाव व वापराच्या अटी. ती पत्रिका उघडून पाहावी आणि नोंदवहीत उतरावी. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या असतील तर दोन्ही ठेवाव्या, पण वेगळ्या. आवृत्ती बदलली की अक्षराची रुंदी केसभर बदलते, ओळी सरकतात, आणि बत्तीस पानांचा अहवाल तेहतीस पानांचा होतो.

चौथा नियम नमुन्याचा. टाईप ओतणारे कारखाने नमुनापुस्तक काढीत, तसे आपले काढावे. प्रत्येक फॉन्टात एकच ओळ छापून ती पाने एकत्र बांधावी. ओळ अशी निवडावी की मराठीची परीक्षा व्हावी. तीत ळ असावा, क्ष, ज्ञ, श्र असावेत, द्ध आणि ह्म असावेत, अंक असावेत. विशेषतः 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन्ही शब्द असावेत. समुद्र आणि डोंगरातल्या घळी यांतला फरक ज्या फॉन्टाला दाखविता येत नाही, तो मराठीच्या कामाचा नाही. ल आणि श यांची वळणेही पाहावी. हिंदीच्या पुस्तकांत दंडयुक्त ल असतो; आपल्याकडे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांची वहिवाट आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व अक्षरांची वळणे प्रमाणित केली. या विषयावरील चालू निर्णय नमुनापुस्तकाच्या पहिल्या पानाला चिकटवून ठेवावा.

पाचवा नियम, सगळे फॉन्ट संगणकात एकदम बसवू नयेत. रोजच्या कामाचे वीस-पंचवीस बसवावे. बाकीचे कपाटात, म्हणजे वेगळ्या फोल्डरात, लागतील तेव्हा काढावयाचे आणि काम झाल्यावर परत ठेवावयाचे. सगळे एकदम चढविले की प्रोग्रॅम उघडावयास वेळ लागतो, यादीत हवे ते सापडत नाही आणि एकाच नावाचे दोन फॉन्ट एकमेकांच्या पायांत येतात. हल्ली हे काढण्या-घालण्याचे काम करणारे व्यवस्थापक प्रोग्रॅमही मिळतात. पण नोंदवही नसेल तर त्यांचा उपयोग अर्धाच.

सहावा नियम सर्वांत महत्त्वाचा. कोणते काम कोणत्या फॉन्टात केले, हे त्या कामाबरोबर लिहून ठेवावे आणि कामाची एक पीडीएफ व एक छापील प्रत जपावी. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधलेला असेल, तर मूळ फॉन्ट हरवला तरी नावे डोळ्यांनी वाचता येतात. आणि या साऱ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत असाव्या. भिजलेली यादी हे शिकविण्यासाठी पुन्हा भिजू देण्याचे कारण नाही.

मजुरीचा प्रश्न

एक गोष्ट राहिली. हे जमविलेले फॉन्ट पुष्कळदा पैसे न देता आणलेले असतात. छोट्या दुकानदाराची अडचण आम्ही जाणतो; त्याच्यावर काठी उगारण्याची आमची इच्छा नाही. पण अक्षर कोरणारा हाही कामगार आहे. एक देवनागरी फॉन्ट करावयाचा म्हणजे शेकडो आकृत्या काढावयाच्या आणि त्यांच्या जोडणीचे नियम बसवावयाचे. त्याची मजुरी बुडवून आपण मजुरीच्या गोष्टी बोलू शकत नाही. आता तशी सक्तीही उरलेली नाही. मुंबईच्या एक टाईप या मंडळीने केलेले 'मुक्त', 'बलू' यांसारखे उत्तम फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात. कोणीही वापरावे, कोणालाही द्यावे. नोंदवहीत परवान्याचा एक रकाना ठेवला की आपले काय, उसने काय आणि सर्वांचे काय हे स्वच्छ दिसते. त्याच ओळीत घडविणाऱ्याचे नावही लिहावे. राणूजी आरूंच्या वाट्याला जे आले ते आजच्या कारागिराच्या वाट्याला येऊ नये.

श्रोतेहो, ढीग आणि संघटना यांत फरक काय? शंभर माणसे बाजारात जमतात तो ढीग. त्याच शंभरांची नावे एका वहीत, ठरलेल्या नियमाने, एकमेकांना माहीत असतील अशी लिहिली की संघटना होते. अक्षरांचेही तेच आहे. ज्या मांडणीची किल्ली एकाच्याच खिशात असते, ती त्या माणसाबरोबर किंवा त्या कंपनीबरोबर जाते. जी मांडणी सर्वांनी मिळून ठरविलेली असते, ती मालक बदलले, यंत्रे बदलली तरी टिकते. युनिकोड हा मुद्राक्षरांच्या जगातला असा सामुदायिक करार आहे. तो झाला, ही मोठी गोष्ट. त्याचा लाभ आपल्या जुन्या कागदांना मिळवून देणे मात्र आपल्यावर आहे. ते काम दिल्लीहून कोणी येऊन करणार नाही.

बारामती-इंदापुरातल्या प्रत्येक पतपेढीने, शाळेने, वाचनालयाने आणि युनियनने येत्या वर्षात एवढे करावे. आपल्या कपाटातील जुन्या सीड्या काढाव्या, कोणती फाईल कोणत्या फॉन्टात आहे ते वहीत उतरावे आणि ज्यांत माणसांची नावे आहेत त्या फाईली सर्वांत आधी युनिकोडात आणाव्या. जुने जुळारी आणि टंकलेखक अजून आपल्यात आहेत. कोणत्या सालात कोणता फॉन्ट चाले, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते आहेत तोवर त्यांना बोलवावे, मानाने बसवावे आणि कामाची योग्य मजुरी द्यावी.